काचबाईच्या दोन बाटल्या

गेल्या महिन्यात संस्थेकडून पत्र आलं. संस्थेला पन्नास वर्षं पूर्ण होताहेत, स्मरणग्रंथ निघतो आहे, तर माझ्या यजमानांच्या "तेजस्वी जीवनकार्यावर" मी चार पानं लिहून द्यावीत. पत्रात 'तेजस्वी' तीन वेळा आणि 'ऋषितुल्य' दोनदा होतं. वाचून तोंडात गूळ आंबल्यासारखं झालं. माझे यजमान ऋषितुल्य नव्हते. अठ्ठेचाळीस वर्षं मी त्यांचे बनियन धुतले आहेत, मला माहीत आहे.

चार पानं मी लिहिते आहे, पण ती काचबाईवर. छापायची की बंबात घालायची ते संस्थेने ठरवावं.

काचबाईचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी तोंडाने घेतलेलं मी ऐकलं नाही. यांच्या प्रयोगशाळेत ती काचेची भांडी धुवायची. सव्वीस वर्षं धुतली. उंच, हडकुळी, चालताना उजवा खांदा थोडा पुढे, जणू दार उघडायला निघाली आहे. नवरा गवंडी होता, परांचीवरून पडून गेला. एक मुलगी, ती लग्न होऊन लांब. बोलणं कमी, पण जे बोलायची ते वर्मी लागेल असं.

आमचं राहणं संस्थेच्याच आवारात. यांना उपाहारगृहातलं जेवण सोसत नसे, म्हणून मी रोज एक वाजता डबा घेऊन जायची. यांचं काम आटपेपर्यंत धुण्याच्या खोलीतल्या लाकडी स्टुलावर बसायची. तिथली माझी आणि तिची ओळख. पंधरा वर्षं रोजचा अर्धा तास म्हणजे काही थोडकी ओळख नव्हे. कित्येक नवराबायको एवढं बोलत नाहीत.

कामाचं थोडं सांगते, नाहीतर बाटली धुण्यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल.

संस्थेत एक यंत्र होतं. ते किरणांचे झटके मारायचं. एक झटका म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यांतले चार-पाच, एवढाच वेळ. तेवढ्यात मारा मात्र असा की साधं विजेचं मापक भांबावून जायचं आणि वाटेल ते दाखवायचं. म्हणून झटक्यात किती किरणं आली हे मोजायला हे लोक रसायन वापरत. शुद्ध पाण्यात थोडं आम्ल आणि लोखंडाचा एक क्षार विरघळवायचा, ते बाटलीत भरायचं, बाटली यंत्रासमोर ठेवायची. किरणं लागली की त्या लोखंडाचं रूप पालटतं. डोळ्यांना काही दिसत नाही. पण दुसऱ्या एका उपकरणात ते पाणी ठेवलं की किती लोखंड पालटलं ते कळतं, आणि त्यावरून किरणांची मात्रा निघते. आकडा चांगला खरा निघतो. अट एकच, बाटलीत दुसरं काही नको. बोटाचा तेलकट ठसा, केसाचं टोक, साबणाचा अंश, काहीही असलं की तेही किरणांबरोबर त्या लोखंडाच्या मागे लागतं, जास्त लोखंड पालटतं आणि आकडा फुगतो. साध्या कामात यावर तोड म्हणून चिमूटभर मीठ घालत. झटक्यांच्या कामात मीठ चालत नसे, त्याने वेगळाच घोळ होई. तिथे सगळी भिस्त बाटलीच्या स्वच्छतेवर, म्हणजे काचबाईवर.

ती बाटल्या आधी गरम आम्लात बुडवायची, मग नळाच्या पाण्याने, मग तीन वेळा ऊर्ध्वपातन केलेल्या पाण्याने. शेवटी बाटली खिडकीकडे धरून तिरकी करायची. आतलं पाणी अखंड पापुद्र्यासारखं खाली उतरलं तर बाटली पास. कुठे एक जरी थेंब काचेला धरून बसला तर परत आम्लात. "थेंब बसला म्हणजे तिथे चिकट आहे," ती म्हणायची. "काच खोटं बोलत नाही, वहिनी. तिला जीभच नाही."

या कामापायी तिने हातांना कधी तेल लावलं नाही की मलम लावलं नाही. केसांनाही नाही. ते कोरडे भुरे केस ती फडक्यात करकचून बांधायची. आम्लाने आणि पाण्याने तळहात असे भेगाळले होते की पाहवत नसे. मशीनवाला, म्हणजे ते यंत्र चालवणारा, जाता-येता टिंगल करायचा.

"काचबाई, जरा पाठ खाजवून दे. तुझे हात असताना काथ्या कशाला?"

"आधी आंघोळ करून ये मेल्या. मग बघू."

"आंघोळ? गेल्या आठवड्यात केली की!"

"ती तुझ्या आईने घातली असेल."

तिची आणखी एक रीत होती. यांना एका वेळी चोवीस बाटल्या लागत. ती सव्वीस धुवायची. वरच्या दोन शुद्ध पाण्याने भरून, कोरडं बूच लावून, तारखेची चिठ्ठी बांधून फळीच्या मागच्या बाजूला ठेवायची. पुढचं धुणं झालं की त्या काढून नव्या दोन ठेवायची. मी एकदा विचारलं, या कशाला?

"चोवीस साहेबांच्या हातात जातात. त्यानंतर त्यांचं काय होतं ते मला काय ठाऊक? दोन माझ्या हातच्या माझ्याजवळ असू देत."

मला तेव्हा ते संशयीपणाचं वाटलं. डायरीत मी लिहिलं आहे: 'काचबाई जरा विक्षिप्त.' ते खोडलेलं नाही. मी डायरीत खोडत नाही. शाळेत सिस्टर आमच्या वह्या तपासायच्या. आधी वार, मग तारीख, मग हवा, मग जे घडलं ते, आणि रबर वापरलं तर पट्टी. ती सवय गेली नाही.

आता घडलं ते.

'मंगळवार, अकरा तारीख. कोरडी हवा, वारा. दुधात माशी, दूध फेकलं. सकाळी यांनी माझी ओठांच्या मलमाची डबी मागितली. ओठ फुटले का विचारलं. म्हणाले, बुचं अडकतात. डबी नवी, गुलाबाच्या वासाची. परत आणली नाही.'

त्या बाटल्यांना काचेचीच घासलेली बुचं असायची आणि ती कधीकधी घट्ट बसत. काचबाई अशा वेळी बाटलीची मान कोमट पाण्यात धरून, न घाई करता बूच सोडवायची. यांना तेवढा दम नव्हता. त्या आठवड्यात मोठं काम आलं होतं. एका दवाखान्याला कर्करोगाच्या गाठींवर असेच झटके द्यायचे होते, तेही संस्थेच्याच यंत्राने, आणि त्या झटक्यांची मात्रा यांनी मोजून द्यायची होती. त्याच महिन्यात वरच्या जागेसाठी यांचं नाव गेलं होतं. हे भलत्या उत्साहात होते. जेवताना बोटं चाटायचे आणि त्याच बोटांनी कागद उलटायचे. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी ही सवय मोडायला गेले होते. नंतर सोडून दिलं.

काम झालं, अहवाल गेला. सहा आठवड्यांनी दवाखान्याचं पत्र आलं. त्यांच्या माणसाने त्याच यंत्रावर दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे किरणांनी पाणी किती तापलं ते अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून, मात्रा काढली होती. त्याच्याकडे जिथे शंभर आले तिथे यांच्या कागदावर एकशे बारा होते. डॉक्टर शंभर समजून देणार आणि रोग्याला पोहोचणार नव्वद. कुणाला दिली नव्हती हे नशीब. दवाखान्याने लिहिलं, खुलासा आल्याशिवाय रोगी यंत्राखाली घेणार नाही.

यांनी खुलासा एका दिवसात लिहिला. मी तो वाचला, कारण यांचं अक्षर कुणाला लागत नसे आणि टंकलेखनाला देण्याआधी मीच तो उतरवून द्यायची. हो, तो कागदही माझ्या हातचा आहे. 'काचसामान अस्वच्छ. धुलाई करणाऱ्या कर्मचाऱ्याची हयगय.' मी शुद्धलेखन तपासलं आणि दिला.

संचालकांनी तीन जणांची समिती नेमली. एक घोरणारा, एक दात कोरणारा आणि एक यांचा वर्गमित्र. ते धुण्याच्या खोलीत आले ते चहाचे कप घेऊन. दात कोरणाऱ्याने बिस्कीट बुडवलं, अर्धं कपात पडलं, ते त्याने बोटाने काढून खाल्लं आणि ते बोट काचबाईच्या धुतलेल्या बाटल्यांच्या फडक्याला पुसलं. डबा मांडीवर घेऊन मी स्टुलावर बसले होते. मी डब्याचं झाकण परत घट्ट लावलं.

"बाई, बाटल्या नीट धुता ना?" वर्गमित्राने विचारलं.

"पाहा की," ती म्हणाली आणि बाटली पुढे केली.

त्याने घेतली, मानेत अंगठा घातला, आत डोकावला. "दिसते तर स्वच्छ."

"होती," काचबाई म्हणाली, आणि त्याच्या हातातून घेऊन ती परत आम्लात टाकली.

तिने त्यांना फळीमागच्या दोन बाटल्या दाखवल्या. दहा तारखेची चिठ्ठी होती त्यांवर. त्याच धुण्यातल्या चोवीस अकराला यांच्याकडे गेल्या होत्या. अकरानंतर झटक्यांचं दुसरं काम आलं नव्हतं आणि त्या बाटल्यांचं नवीन धुणंच झालं नव्हतं, म्हणून त्या तिथेच होत्या. ती म्हणाली, या दोघींना किरणं देऊन पाहा. घोरणाऱ्याने डोळे उघडून सांगितलं, बाईच्या हट्टासाठी यंत्र चालवायचं का?

निकाल ठरला. येत्या एक तारखेला संचालकांची सही, तिच्या सेवापुस्तकात 'कामात हयगय' अशी नोंद, आणि सही होईपर्यंत तिची बदली स्वच्छतागृहं धुण्यावर. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. पंचवीस वर्षांच्या पानाखाली तो एक शब्द कायमचा राहणार होता.

गुरुवारी दुपारी ती आमच्या मागच्या दाराने आली. अंगाला फिनेलचा वास. खुर्ची दिली तर बसली नाही. कनवटीची कागदाची पुडी काढून ओट्यावर उघडली. आत काचेचं बूच.

"वहिनी, हे त्या चोविसांतलं. साहेबांच्या टेबलाखाली घरंगळलं होतं. हुंगा."

मी हुंगलं. दोन महिने झाले होते, तरी वास होता. गुलाबाचा.

"हाताला लावून बघा. चिकट आहे. हे मी लावलेलं नाही. माझ्या घरी असलं काही नाहीच. मशीनवाल्याच्या घरी नसणार, त्याच्याकडे साबणाचीसुद्धा मारामार." मग ती म्हणाली, "कुणाच्या घरचं आहे ते मला शोधायचं नाही. तुम्ही साहेबांना एवढंच सांगा, माझ्या दोन बाटल्या ठेवून बघा म्हणावं. एकाच झटक्याचं काम."

माझ्या खिडकीत तशीच दुसरी डबी होती. अकरा तारखेनंतर आणलेली. तिच्याकडे पाठ करून मी उभी राहिले आणि म्हटलं, "चहा घेता का?"

तिने चहा घेतला. बूच परत पुडीत बांधलं. "बघा जमलं तर," म्हणाली आणि गेली.

पुढच्या सहा दिवसांच्या नोंदी माझ्यासमोर आहेत. शुक्रवार: पडदे धुतले. शनिवार: ढगाळ, डोकं दुखलं. रविवार: भाचीचं पत्र, तिला दिवस गेले. सोमवार: धोब्याने यांच्या सदऱ्याची कॉलर जाळली. मंगळवार: भाजी निवडली, बुधवारी तीच भाजी. बुचाविषयी एक अक्षर नाही. खोटं काही लिहिलेलं नाही, आणि तरी इतकी घाणेरडी सहा पानं माझ्या पन्नास वह्यांत दुसरी नाहीत. यांची किळस मला पुढे पुष्कळ वर्षं येत राहिली. पण त्या सहा दिवसांत ओटा पुसणारी, पडदे वाळत घालणारी ती बाई आठवली की आधी तिचीच येते.

सातव्या दिवशी सकाळी मी स्वच्छतागृहांच्या बाजूने जात होते. काचबाई दारात ओणवी होती. हे आतून बाहेर आले, ओल्या फरशीवरून, हात झटकत. तिच्या डोक्यावर शिंतोडे उडाले. यांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. जेवायला वाढल्यावर मी विचारलं.

"बुचांना मलम लावलं होतंत ना तुम्ही?"

"कुठली बुचं?"

"अकरा तारखेची. माझी डबी नेली होतीत."

हे जेवत राहिले. "एवढ्याशा मलमाने काय होतं?"

"काय होतं ते तुम्हीच भिंतीवर लावलंय. 'बोटाचा ठसासुद्धा चालणार नाही.' पाटी मीच रंगवून दिली होती."

"तू यात पडू नकोस."

"पडले आहे. डबी माझी आहे."

"हे बघ," यांनी बोट चाटलं, "माझं नाव वर गेलंय. तिचे चौदा महिने राहिलेत. तिला काय गं, बाटली धुतली काय आणि संडास धुतला काय. हात तेच."

मी यांच्याकडे पाहत राहिले. ओठांवर आमटी होती. हनुवटीवर एक शीत. या माणसाच्या तापाच्या रात्री मी जागवल्या होत्या. याच्या आईचं सगळं केलं होतं. आणि आता त्याच्या हनुवटीवरचं शीत काढायला माझा हात उठेना. ताट मी तसंच सोडलं, आत जाऊन त्या महिन्याची वही काढली आणि अकरा तारखेचं पान फाडलं. तोवर मी कधी पान फाडलं नव्हतं.

पान घेऊन तडक स्वच्छतागृहांकडे गेले. काचबाई बादलीवर बसून भाकरी खात होती. तिथे बसून! "दुसरीकडे बसू देत नाहीत, वास येतो म्हणतात," ती म्हणाली. मी पान पुढे केलं. तिने हात पदराला पुसले, पान उजेडाकडे धरलं, ओठ हलवत वाचलं. दोनदा वाचलं. मग घडी घालून मला परत दिलं.

"तुम्ही त्या दिवशी चहा दिलात तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही कधी साखर विसरत नाही."

मी पान परत तिच्यापुढे धरलं.

"पान ठेवा, वहिनी. मला नको."

"अहो, हे संचालकांना दाखवलं की सुटाल तुम्ही."

"सुटेन. आणि उद्या म्हणतील, साहेबांच्या बायकोने सोडवलं. नवराबायकोचं काहीतरी बिनसलं असेल, त्यात काचबाईचं फावलं. बाटल्या घाण होत्या का स्वच्छ, ते राहिलंच की बाजूला." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "मला बाटलीने सुटायचंय."

मग तिने मला समजावलं, लहान पोरीला समजावावं तसं. दोन्ही बाटल्या एकाच धुण्यातल्या. दोन्हींत तेच ताजं रसायन भरायचं. एकीला कोरडं बूच, दुसरीला तसंच मलम लावलेलं बूच. दोघींना बरोबरीचा झटका द्यायचा. "दोन्ही फुगल्या तर मी घाण, मला हाकला. एकटी मलमाची फुगली तर मी नाही. पण साहेब एकटे नकोत तिथे. त्या तिघांतलं कुणीतरी पाहिजे. घोरणारा चालेल, फक्त जागा ठेवा."

मी घरी आले. हे आरामखुर्चीत होते. ताट तसंच, त्यावर माशा.

"तिच्या दोन बाटल्या यंत्रात ठेवा," मी म्हटलं, "तिच्या सांगण्याप्रमाणे, समितीसमोर. एक तारखेच्या आत. नाहीतर हे पान संचालकांच्या टेबलावर."

"तू मला धमकी देतेस?"

"हो."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरातल्या कपाटाने तोंड उघडलं. मग जीभ ओठांवरून फिरवली. "लोक काय म्हणतील?"

"तेच म्हणतील जे आत्ता काचबाईला म्हणतात."

अठ्ठावीस तारखेला बाटल्या ठेवल्या. डब्याचं निमित्त करून मी गेले होते. घोरणारा आणि दात कोरणारा दोघे आले होते. काचबाईला आत घेताना तिला पाय धुवायला लावले. त्यांच्या बुटांना काय लागलं होतं ते देवाला माहीत. तिने फळीमागून बाटल्या काढल्या, खिडकीशी तिरक्या केल्या, सगळ्यांना पापुद्रा उतरताना दाखवला. मग रसायन भरलं. मोठ्या झटक्यात पाण्यातला प्राणवायू संपून जातो, म्हणून त्यात नळीने प्राणवायूचे बुडबुडे सोडले. तिच्या नजरेसमोर यांनी एका बुचाला मलम लावलं. माझ्या खिडकीतल्या डबीतलं. मीच नेली होती. मशीनवाल्याने बाटल्या नेल्या, जाड दार लावलं. बाहेर काही ऐकू आलं नाही. एवढ्याशा वेळात ऐकू येणार तरी काय. तो बाटल्या घेऊन परत आला. त्या दिवशी त्याने टिंगल केली नाही.

पहिली बाटली उपकरणात गेली. आकड्याचं गणित दात कोरणाऱ्याने मांडलं. दवाखान्याचे शंभर, इथे शंभराला अर्धा कमी.

दुसरी. एकशे तेरा.

काचबाई दोन्ही हात पुढे धरून उभी होती, काहीतरी घ्यायला आल्यासारखी. मग घोरणारा म्हणाला, "म्हणजे बाटल्या ठीक होत्या तर."

"होत्या," ती म्हणाली. "लिहा."

त्याने लिहिलं. तिने उभ्या उभ्या वाचून घेतलं आणि मगच ती बाहेर पडली.

संचालकांना कळलं तेव्हा ते हसले. "चला, शास्त्राचा विजय झाला!" मला हे यांच्याच तोंडून कळलं, आणि सांगताना हेही हसत होते. विजय! दवाखान्याला सुधारलेले आकडे गेले, 'बुचांवरील बाह्य पदार्थामुळे' अशा शब्दांत. तो पदार्थ आपल्या पायांनी चालत बुचावर गेला असावा. 'हयगय' सेवापुस्तकात चढली नाही. काचबाई धुण्याच्या खोलीत परतली. हे वरच्या जागेवर गेले, त्यांची खोली मोठी झाली, तिथे गालिचा आला. तिला कुणी एका शब्दाने 'चुकलं' म्हटलं नाही. यांना मी तीन वेळा सांगितलं. तिन्ही तारखा लिहून ठेवल्या आहेत.

चौदा महिन्यांनी तिचा निरोपसमारंभ झाला. हार, भाषण. यांनी भाषणात 'आपल्या काचबाई म्हणजे संस्थेच्या स्वच्छतेचा आरसा' असं म्हटलं, टाळ्या पडल्या. मग भेट दिली. रंगीत कागदात गुंडाळलेला डबा. तिने तो तिथेच उघडला. आत हातांना लावायच्या मलमाची मोठी डबी, गुलाबाच्या वासाची. "आता हातांची काळजी घ्या बाई," हे म्हणाले. आणि मला सगळ्यांत घाण वाटतं ते हे, की यांना त्यात काही आठवलंच नाही. यांना ते खरंच चांगलं वाटलं होतं.

काचबाईने डबी हुंगली. "साहेब, वास ओळखीचा आहे," म्हणाली. मशीनवाला एवढ्या जोरात खोकला की त्याला पाणी द्यावं लागलं.

संध्याकाळी ती मागच्या दाराने आली आणि डबी माझ्या ओट्यावर ठेवली. "ही तुमच्या घरची."

"तुम्हाला आता लावायला हरकत नाही," मी म्हटलं.

"सव्वीस वर्षांच्या भेगा आहेत. डबीभर मलमाने काय होतंय. आणि हा वास घेऊन मी झोपू?"

मी तिला पाणी दिलं. तिने अर्धं पिऊन पेला सवयीने खिडकीकडे धरला, तिरका केला. मीही पाहिलं. तो पेला मी त्याच सकाळी दोनदा घासला होता. आत तीन-चार थेंब काचेला धरून बसले होते.

तिने पेला सरळ केला. "प्यायला चालेल, वहिनी," म्हणाली, आणि उरलेलं पाणी संपवलं.

ती मुलीकडे राहायला गेली. चार-पाच पत्रं आली, मग मुलीचं एक. तीही सगळी माझ्याकडे आहेत. अकरा तारखेचं पान मी वहीत परत चिकटवलं आहे, कडेला गोंदाचा पिवळा डाग दिसतो. स्मरणग्रंथवाल्यांना विश्वास नसेल तर येऊन पाहावं. हात धुऊन यावं.